एक कोयता म्हणजे माणसं किती?

दसरा उलटला की बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीची माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत मात्र माणसांची नोंद नसते, तिथे 'कोयते' लिहिलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, दर टनावर ठरतो आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावाने होतो. फडात एकजण ऊस तोडतो, दुसरी पाचट काढून मोळ्या बांधते, मग दोघं मिळून गाडी भरतात. समजा, एका जोडीने दिवसभरात दोन टन ऊस तोडला. तर एका मजुराची दिवसाची उत्पादकता किती? वही पाहिली तर दोन टन, फडात उभं राहून पाहिलं तर एक टन. आणि सोबत आलेली बारा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढे गोळा करत असेल, तर एकाहूनही कमी.

या संग्रहाचा विषय हाच भागाकार आहे. वर अंश, खाली छेद. अंशात देशाने वर्षभरात निर्माण केलेलं मूल्य, छेदात ते निर्माण करणारे हात. उत्तर येतं 'दर कामगारामागे उत्पादन'. चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित आहे, आणि जगातले देश पुढारलेले की मागासलेले हे ठरवताना त्याच्याइतका वापर दुसऱ्या कुठल्याच आकड्याचा होत नसेल. वेतनाच्या वाटाघाटीत मालकांची बाजू ते पुढे करते, गुंतवणूकदारांसाठीच्या चकचकीत पुस्तिकांत ते असतं आणि 'आपले लोक कामच करत नाहीत' या चहाच्या टपरीवरल्या सिद्धान्तालाही त्याचाच आधार असतो. जिथे बहुतेकांना पगाराची पावती मिळते आणि बहुतेक धंदे हिशेबाचे कागद भरतात, तिथे अंश आणि छेद दोन्ही दप्तरातून उचलता येतात. भारतात कामकरी माणसांपैकी दहातल्या नऊजणांच्या आसपास असंघटित आहेत. इथे दोन्ही आकडे शोधावे लागतात, आणि पुष्कळदा ठरवावे लागतात.

ठरवण्याची ही परंपरा दादाभाई नौरोजींपासूनची. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या या माणसाने १८७०च्या दशकात सरकारच्याच अहवालांतून प्रांतवार पिकांचा हिशेब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानचं एकूण उत्पन्न ३४ कोटी पौंड, लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी ४० शिलिंग, तेव्हाचे २० रुपये. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढून कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च शेजारी ठेवला. सरकारी पाहुणा बाहेरच्या रयतेपेक्षा बरं खात होता. सरकारला हे झोंबलं. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी दुसरा हिशेब करून २७ रुपये काढले, आणि १९०१मध्ये लॉर्ड कर्झनच्या तोंडी ३० रुपये आले. देश एकच, पिकं जवळजवळ तीच. आकडा कोणाच्या हातात आहे, यावर तो किती भरेल हे ठरत होतं.

दादाभाईंनी भागाकार डोक्यांवर केला होता, काम करणाऱ्या हातांवर नव्हे. कामगार हा छेद म्हणून गांभीर्याने आला तो पुढे, व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या १९३१-३२ सालच्या अंदाजात. शेतीचं उत्पादन त्यांनी पिकांवरून काढलं. पण शिंपी, सुतार, टांगेवाले, किरकोळ दुकानदार यांचं उत्पादन कुठून मोजणार? रावांनी १९३१च्या जनगणनेतून त्या-त्या धंद्यातली माणसं घेतली आणि दर माणशी सरासरी कमाईने गुणलं. स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य स्वतः राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. सल्ल्याला सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन होते, ज्या दोघांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इतकी तालेवार मंडळी एकत्र बसूनही लहान धंद्यांपुरती वाट तीच राहिली: माणसं मोजा, सरासरीने गुणा. दुसरा मार्ग नव्हताच. १९५०मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी काही अंशी याच अडचणीतून जन्मली.

पद्धत आजही फार लांब गेलेली नाही. तिला 'श्रम-निविष्ठा पद्धत' असं भारदस्त नाव मिळालं आहे. पायाभूत वर्षात एका पाहणीतून दर कामगारामागचं मूल्यवर्धन काढतात, दुसऱ्या पाहणीतून कामगारांची संख्या घेतात, दोन्हींचा गुणाकार करतात. हे झालं असंघटित क्षेत्राचं उत्पादन. आता कोणी विचारलं, की असंघटित क्षेत्राची उत्पादकता किती, तर त्या उत्पादनाला पुन्हा कामगारांच्या संख्येने भागायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे पोहऱ्यातलं पाणी आधी आडात ओतायचं आणि मग तेच शेंदून वर काढायचं. वर आलेलं पाणी मोजायला हरकत नाही, पण त्यावरून विहिरीची खोली सांगू नये.

यात खरी गोम आहे ती पायाभूत वर्षानंतरच्या वर्षांची. २०११-१२च्या मालिकेत असंघटित क्षेत्राच्या बऱ्याच भागाची पुढची वाढ संघटित क्षेत्राच्या मागोमाग चालते असं धरलं जाई. सरळ दिवसांत हे खपून जातं. ८ नोव्हेंबर २०१६नंतर दिवस सरळ राहिले नाहीत. नोटाबंदीने रोखीवर चालणारे लहान धंदे आडवे झाले आणि त्यांचं गिऱ्हाईक काही प्रमाणात मोठ्यांकडे गेलं. मोठ्यांची वाढ पाहून लहानांचीही तेवढीच झाली असेल असं मानलं, तर ज्याने गिऱ्हाईक गमावलं त्याच्या खात्यावर गिऱ्हाईक मिळवणाऱ्याची वाढ जमा होते. अनेक अर्थतज्ज्ञांनी तेव्हा नेमका हाच आक्षेप घेतला होता.

अलीकडे या क्षेत्राची दरवर्षी स्वतंत्र पाहणी होऊ लागली, ही मोठीच सुधारणा. २०२२-२३च्या पाहणीत शेती आणि बांधकाम सोडून उरलेल्या अनिगमित धंद्यांत, म्हणजे कंपनी म्हणून नोंद नसलेल्या दुकानांत, गाड्यांवर, वर्कशॉपांत, सुमारे ११ कोटी माणसं निघाली, आणि दर माणशी वर्षाचं मूल्यवर्धन १ लाख ४२ हजार रुपयांच्या जवळ. त्याच वर्षीच्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत १ कोटी ८४ लाख माणसांनी सुमारे २२ लाख कोटी रुपयांचं मूल्यवर्धन केलं. माणशी जवळपास १२ लाख. आठपटीहून जास्त फरक. पानवाल्याची तुलना पोलादाच्या कारखान्याशी कशी करता, हा प्रश्न रास्त आहे. पण दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची आहे. ती पाहायला इचलकरंजीला जावं लागतं.

इचलकरंजीत यंत्रमाग आला १९०४च्या सुमारास, आणि गावाचा कान त्या खडखडाटाला इतका सरावला आहे की वीज गेली तरच लोकांना काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटतं. इथला 'खर्चीवाला' मागधारक स्वतः सूत घेत नाही. व्यापारी त्याला बीम आणि सूत देतो, तो कापड विणून देतो आणि विणाईची 'खर्ची' घेतो. कामगाराची मजुरी मीटरवर, तीही पिकाच्या हिशेबाने. पीक म्हणजे शेतातलं नव्हे. कापडाच्या एका इंचात बाण्याचे जितके धागे, तितकी पिकं. ५२ पिकाला अमुक पैसे, असा दर ठरतो आणि त्यावरून संप होतात.

साध्या मागाचा धोटा मिनिटाला १४० वेळा फेकला जातो असं धरू. ५२ पिकाचं कापड मिनिटाला पावणेतीन इंचांहून थोडं कमी पुढे सरकेल. माग अजिबात थांबला नाही तर तासाला चार मीटर. पण माग थांबतोच. ताण्याचा धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. एक कामगार चार-सहा माग सांभाळत असतो आणि बारा तासांच्या पाळीतला त्याचा पुष्कळ वेळ तुटलेली टोकं शोधून गाठ मारण्यात जातो. किती टोकं तुटतील हे त्याच्या बोटांवर थोडं, सुताच्या प्रतीवर आणि सायझिंगच्या खळीवर बरंच अवलंबून असतं. सूत व्यापाऱ्याने दिलं, खळ सायझिंगवाल्याने लावली आणि मीटर मात्र कामगाराच्या नावावर कमी पडले.

पैशात मोजायला गेलं की आणखी गंमत. हेच कापड एखाद्या गिरणीने स्वतःचं सूत घेऊन विणलं तर मूल्यवर्धन म्हणजे विक्रीतून सूत, वीज वगैरे वजा करून उरलेली रक्कम. सूत महागलं आणि कापडाचा भाव तेवढा वाढला नाही, तर माग तितकाच चालला, मीटर तितकेच निघाले, तरी चालू किमतींत मूल्यवर्धन घसरतं. महागाई वजा करताना आत जाणाऱ्या कच्च्या मालाचा आणि बाहेर पडणाऱ्या पक्क्या मालाचा भाव वेगवेगळा धरायला हवा. २०११-१२च्या मालिकेत कारखानदारीसाठी बहुतांशी एकाच निर्देशांकावर भागवलं गेलं. २०१४ ते २०१६ दरम्यान खनिज तेल आणि कच्चा माल स्वस्त झाला, तेव्हा त्यामुळे वाढ फुगून दिसली अशी टीका झाली. आणि मोठ्या उद्योजकाने स्वतःचे माग बंद करून तेच काम खर्चीवर बाहेर दिलं, तर त्याच्या पगारपत्रकातली माणसं कमी होतात, नफा राहतो, दर कामगारामागचा आकडा वर जातो. मग अहवालात लिहिलं जातं की संघटित क्षेत्राची उत्पादकता सुधारली. माग तेच, माणसंही पुष्कळदा तीच; फक्त पत्ता बदलला.

कामगाराच्या हातावर ठपका ठेवण्याचा इतिहास मुंबईत मोठा आहे. १९१० साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम उरके तेवढ्याला हिंदुस्थानात जवळपास सहाजण लागत, असा हिशेब ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने १९८७मध्ये मांडला. नवी यंत्रं आणि व्यवस्थापन यांनी हा फरक सगळा भरून निघत नाही, असं त्याचं म्हणणं. लँकेशायरहून यंत्रं आणि माहितगार माणसं मुंबईतही आलेली होती. मग उरतो कामगार आणि त्याची रीत. हा निबंध गाजला, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

गिरणगावाने या वादातली आपली बाजू फार आधी मांडली होती. १९२०च्या दशकात मालकांनी 'रॅशनलायझेशन'चा घोष लावला: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, साच्यावर माणसं कमी करावीत. १९२८च्या एप्रिलमध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले ते ऑक्टोबरपर्यंत आत गेले नाहीत. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. कामगारांचं म्हणणं सोपं होतं. आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळून सूत काढायचं, ते पदोपदी तुटणार, आणि वर तिसरा माग द्यायचा? सूत चांगलं द्या, मग बोलू. हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर ते एवढंच सांगत होते, की मालकाच्या कापूस खरेदीतली काटकसर छेदात आमच्या माथी मारू नका. मजुरी इतकी स्वस्त होती की चांगल्या कापसापेक्षा जास्त माणसं लावणं मालकाला परवडत होतं. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणच होतं. फक्त त्या शहाणपणाची किंमत 'आळशी कामगार' या शब्दांत नोंदली गेली.

ऐंशी वर्षांनी मुंबईपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर याची जणू फेरतपासणी झाली. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर प्रयोग केला. त्याचा निबंध २०१३मध्ये आला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापन सल्लागार दिले, बाकीच्यांना फक्त तपासणी. आधीची अवस्था मराठी वाचकाला ओळखीची वाटेल: सुताचे खोके गोदामात कसेही पडलेले, कुठला रंग किती शिल्लक याची यादी नाही, मागाभोवती कचरा आणि तेल, माग का बंद पडला याची नोंद कोणी ठेवत नाही, कारण 'आपल्याला माहीतच असतं'. सल्लागारांनी नवी यंत्रं आणली नाहीत, माणसं बदलली नाहीत. जमीन झाडून घेतली, सूत रॅकवर लावलं, प्रत्येक बिघाड लिहायला लावला, रोज ते लिहिलेलं वाचायला लावलं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तोच कामगार, तेच हात. या अभ्यासात कारखाने थोडे आहेत हे खरं. पण 'कामगाराची उत्पादकता' या शब्दप्रयोगातली षष्ठी विभक्ती किती फसवी आहे, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसलं असेल.

सरकारी नोकरांचं प्रकरण थोडक्यात आटोपतं. तलाठ्याची, शिक्षकाची सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून तिच्यावर झालेला खर्च, मुख्यतः पगार, हेच तिचं मूल्य धरतात. वेतन आयोग आला की चालू किमतींत शिक्षकाचं उत्पादन एका रात्रीत वाढतं, वर्गात पोरं तितकीच शिकली तरी. अंगणवाडी सेविकेला पगार नव्हे, मानधन मिळतं. म्हणून ती देशाच्या उत्पादनात कमी भर घालते, असं आपोआप ठरतं.

छेदाकडे वळलं की प्रश्न बायकांचा. सोलापुरात विडी कामगार बाई कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणते. पानं भिजवायची, साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. ती वळत असते तेव्हा सासू पानं कापते, शाळेतून आलेली मुलगी दोरे बांधते. पुस्तकावर नाव एकीचंच. पाहणीदार दारात येऊन 'घरात काम कोण करतं?' असं विचारतो तेव्हा सासू हसून म्हणते, 'मी काय करते, बसूनच असते.' त्याने ते जसंच्या तसं लिहिलं तर विडी धंद्याची उत्पादकता चांगली दिसते. त्याने चिकाटीने पुढचे प्रश्न विचारले तर एकाची तीन माणसं होतात आणि उत्पादकता पडते. विड्या तेवढ्याच.

हे केवळ सोलापूरचं नाही. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४मध्ये तो ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढ्या स्त्रियांना नोकऱ्या लागल्या नाहीत. वाढलेल्यांत मोठा वाटा आहे तो घरच्या शेतीत, दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा आणि स्वयंरोजगारातल्यांचा. त्यातल्या किती आधीही काम करत होत्या आणि आता मोजल्या गेल्या, किती अडचणीपोटी कामाला लागल्या, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण त्यांना छेदात घेतल्याबरोबर दर कामगारामागचं उत्पादन खाली खेचलं जातं. आणि २०१९च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकामावर ते करणाऱ्या बायकांची दिवसाकाठी २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं निघाली; ती पाच तासांची मेहनत अंशात कुठेच नाही.

कामगार कोणाला म्हणायचं याची व्याख्याही एक नाही. मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक दांतवाला यांच्या समितीच्या १९७०च्या अहवालानंतर वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची चालू स्थिती आणि दिवसाची चालू स्थिती असे तीन चष्मे आले. आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेलं असलं तरी दुसऱ्या चष्म्यातून माणूस कामावर दिसतो. मागावर आठवड्याला ७२ तास उभा राहणारा तोही एक, आणि हा तासाभराचाही एक. त्यातून जी टक्केवारी येते ती लोकसंख्येने गुणायची, आणि ती लोकसंख्या २०११च्या जनगणनेवरून पुढे ताणलेली, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही.

एवढं सगळं ऐकून हा आकडाच टाकून द्यावा असं कोणाला वाटेल. तसं करता येत नाही. २०२३-२४मध्ये ४६ टक्के कामकरी माणसं शेतीत होती आणि शेतीचा मूल्यवर्धनातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. साधा भागाकार सांगतो की बिगरशेतीतला माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो. शेतीत वर्षभर पुरेल इतकं काम नसतं, तिथली माणसं कमी शिकलेली असतात, हे जमेला धरून अनेक विकसनशील देशांचा हिशेब केला तेव्हा अशी दरी निम्म्यावर आली, मिटली मात्र नाही. म्हणजे चौपट खोटं, पण दुप्पट खरं असण्याची शक्यता बरीच. मोजणीतल्या चुका दुरुस्त केल्यावरही जे उरतं त्याची दखल घ्यावीच लागते, आणि पुढच्या लेखांचा रोख त्या उरलेल्यावर आहे.

ऊसतोडीचंच पाहा. फडात आता हार्वेस्टर दिसू लागले आहेत. चालक आणि दोन-चार मदतनीस मिळून कितीतरी जोड्यांचं काम उरकतात. कारखान्याच्या हिशेबात माणशी ऊस कैकपटीने वाढतो आणि ही वाढ अगदी खरी असते. ज्या जोडीला त्या वर्षी मुकादमाने उचल दिली नाही, तिचं काय झालं, हे त्या हिशेबात नसतं. तिला शहरात बरं काम लागलं तर देशाची सरासरी वर जाते. ती गावी राहिली तर दोन एकर कोरडवाहू रानात आधीच राबणाऱ्या हातांत चार हातांची भर पडते, आणि हार्वेस्टरने कमावलेलं बरंचसं तिथे जिरतं. शेतीतल्या कामकऱ्यांचं प्रमाण २०१८-१९मध्ये ४२.५ टक्क्यांवर उतरलं होतं. टाळेबंदीनंतर २०२०-२१मध्ये ते ४६.५ टक्के झालं आणि पुढेही तिथेच घुटमळलं. पाहणीदार त्या जोडीच्या घरी गेला, तर नवऱ्यापुढे 'स्वयंरोजगार, शेती' असं लिहील आणि बायकोपुढे 'कौटुंबिक शेतीत बिनपगारी मदत'. मुकादमाच्या वहीत दोघांचा मिळून एक कोयता होता. इथे त्यांच्या दोन वेगळ्या ओळी होतात.